काठी नको, खोलीची किल्ली द्या

मा. पोलीस आयुक्त आणि मा. महापालिका आयुक्त यांस,

स. न. वि. वि.

तुम्हा दोघांना एकाच पत्रात बसवलं याचा राग मानू नका. आमची मोहल्ला समिती, म्हणजे वस्तीतले तंटे वाढण्याआधीच मिटवणारी साध्या माणसांची समिती, जिथं बसायची ती बीट चौकीच्या मागची दहा बाय बाराची खोली महापालिकेची आहे आणि तिच्या दाराला लागलेलं कुलूप पोलिसांचं. गेल्या चौदा महिन्यांत मी दोन्हीकडे मिळून अकरा खेपा घातल्या. पालिकेत गेलं की सांगतात, कुलूप आमचं नाही. ठाण्यात गेलं की सांगतात, खोली आमची नाही. दोघंही खरं बोलतात, अडचण तीच आहे. म्हणून आता दोघांना एकदम आणि चारचौघांसमोर लिहितोय.

शहराचं नाव मुद्दाम टाळलंय. कुणा एका साहेबाला उघडं पाडायचं नाही. साहेब बदलत असतात. मुंबईच्या आसपास कुठंही राहणाऱ्याला हे पत्र आपल्याच वस्तीतून आलंय असं वाटलं, तर त्याचं फारसं चुकणार नाही.

मी कोण, ते सांगतो. शहर बससेवेत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. या नोकरीत भांडण सुरू होण्याआधीचा आवाज ओळखायला शिकलो. गच्च भरलेल्या गाडीत बोलण्याचा एक सूर असतो, तो बदलला की मागे न बघताही कळतं. मग काय करायचं, हे कुणी शिकवत नाही, पण दोन-तीन वर्षांत अंगवळणी पडतं. ओरडणाऱ्याकडे जायचं नाही, गप्प झालेल्याकडे जायचं, कारण हात तोच उचलणार असतो. त्याला शहाणपण सांगायचं नाही, विचारायचं, "तुम्हाला कुठं उतरायचंय?" माणूस उत्तर द्यायला लागला की मूठ सैल होते. आणि अगदीच वेळ आली तर एक घंटी मारून गाडी थांबवायची. गाडी थांबली की बाकीचे पन्नास जण आपल्या बाजूला येतात, कारण सगळ्यांनाच घरी जायचं असतं. या एकतीस वर्षांत माझ्या हातात तिकिटांची पेटी आणि पंच सोडून दुसरं काही नव्हतं.

२००३ साली आमच्या भागात मोहल्ला समिती झाली तेव्हा त्या वेळच्या फौजदारांनी मला बोलावलं ते याच गुणासाठी. आम्ही बावीस जण होतो. शिवणकाम करणाऱ्या एक चाची, अंगणवाडीच्या ताई, सलूनवाला, मशिदीचे मौलाना, गणपती मंडळाचा अध्यक्ष, दोन रिक्षावाले, मेडिकलवाला, एक निवृत्त परिचारिका, भंगारवाला, कॉलेजातली चार-पाच मुलंमुली. गळ्यात ओळखपत्र, खिशात शिट्टी आणि रात्री टॉर्च, एवढंच सामान. काठी पहिल्याच बैठकीत नाकारली. सलूनवाला म्हणाला होता, काठी घेतली की आपण पोलिसांची स्वस्तातली नक्कल होऊ, आणि लोक नकलेला घाबरतही नाहीत, मानतही नाहीत.

मागच्या वर्षीच्या जूनमध्ये आम्हाला एक ओळीचं पत्र आलं: "सदर मोहल्ला समित्या पुनर्रचना होईपर्यंत स्थगित करण्यात येत आहेत." दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. ओळखपत्रं जमा करून घेतली, त्याची पोचसुद्धा दिली नाही. कारण विचारलं तर एक तरुण अधिकारी अगदी आदराने म्हणाला, "काका, आता काळ बदललाय. नाक्यानाक्यावर कॅमेरे आहेत, ११२ आहे. तुम्ही आराम करा."

आराम करायला हरकत नव्हती. पण माझं आणि या समित्यांचं नातं २००३ च्याही आधीचं आहे.

माझी थोरली बहीण भिवंडीत दिलेली. मेहुणे यंत्रमागावर कांड्या भरायचे. भिवंडीत १९७० साली शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली होती. तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग बसला, जाड अहवाल आला, आणि १९८४ च्या मे महिन्यात तेच गाव पुन्हा पेटलं. ताई दोन मुलांना घेऊन आमच्याकडे आली ती अडीच महिने राहिली. रात्री फटाका वाजला तरी धाकटा पलंगाखाली जायचा. त्यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथं आले. त्यांनी वेगळाच उद्योग केला. वस्तीवस्तीत मिळून सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची, आणि त्या भागातल्या पोलिसाला त्यांच्यात बसायला लावलं. तिथं दंगलीवर व्याख्यानं होत नसत. नळाला पाणी का येत नाही, कुणाच्या मागाचा आवाज रात्री किती वाजेपर्यंत चालतो, कोणाची सून माहेरी का गेली, हेच विषय. ताई तेव्हा हसून सांगायची, "आमच्याकडे हल्ली पोलीस चहा प्यायला येतात, वॉरंट न घेता."

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारी असे दोन वेळा मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. मी पीसीओच्या रांगेत तास-दीड तास उभा राहून ताईला फोन लावला. सगळ्या महाराष्ट्राला वाटत होतं की आता भिवंडीची पाळी. ताई म्हणाली, "इथं सगळं ठीक आहे. तूच मुलाबाळांना घेऊन इकडे ये." भिवंडी शांत राहिली. तेव्हा खोपडे साहेब तिथं नव्हते, त्यांची बदली झालेली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळांनी आधीच्या साहेबाचं काम मोडलं नाही, पुढे चालवलं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोठी वाटते ती हीच, आणि तुम्हाला पत्र लिहायचं कारणही हेच. समित्या काढणारा अधिकारी थोर खरा, पण शहर वाचलं ते समित्या न मोडणाऱ्या अधिकाऱ्यामुळे.

मुंबईला हे शहाणपण जळल्यावर आलं. त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांनी दंगलीनंतर मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली. पोलीस आणि वस्तीतली पोरं एकमेकांविरुद्ध क्रिकेट खेळू लागली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडगोळी गल्लीबोळांतून फिरायची. आमची समिती या सगळ्या वेलीवरचंच एक उशिरा आलेलं फळ.

आता वह्यांबद्दल. वीस वर्षांच्या दोनशे पानी चार वह्या माझ्या घरी आहेत. त्या खोलीत नव्हत्या म्हणून वाचल्या. कोणत्याही पानावर बोट ठेवा: जिन्यातल्या चपला, गच्चीवरच्या ताडपत्रीचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत, पार्किंग, पार्किंग, पुन्हा पार्किंग. सोल्युशन हुंगणारी तीन पोरं रेल्वे पुलाखाली. बस थांब्यावर मुलींच्या मागे लागणारा दुचाकीवाला. एकट्या राहणाऱ्या आजींच्या दारातली दुधाची पिशवी दोन दिवस तशीच. 'दंगल' हा शब्द चारही वह्यांत मिळून सहा वेळा आलाय. तुमच्या अधिकाऱ्यांनी या वह्या चाळल्या असत्या तर म्हणाले असते, यात सुरक्षेचं काय आहे? पण ज्या घरातल्या आजीसाठी दार तोडायला मौलानांची पोरं धावली, त्या घरातला नातू मशिदीवर दगड मारायला गेला तर आधी त्याचीच आई त्याला अडवते. शांतता अशी किरकोळीत जमवावी लागते. घाऊक भावात ती कुणी विकत नाही.

एकदा मात्र कमानीमुळे आमचा जीव खरोखरच टांगणीला लागला. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस दुसऱ्या दिवशी ठेवला, सरकारने सुट्टीही २९ तारखेला नेली. आमच्याकडेही तसंच ठरलं, आमच्याच खोलीत, एका बैठकीत. सगळे निर्धास्त झाले. २७ च्या रात्री दहाला सलूनवाल्याच्या लक्षात आलं की जुलूससाठी रस्त्यावर उभारलेली कमान आमच्या मोठ्या मूर्तीच्या उंचीपेक्षा दीड फूट खाली आहे. दुसऱ्या रात्री बारा वाजता, ढोल चालू असताना, मूर्ती त्या कमानीला अडली असती तर काय झालं असतं याचा विचार करा. कुणीतरी बांबू ओढला असता, कुणीतरी ओढणाऱ्याला ओढलं असतं. मौलाना आणि मंडळाचा अध्यक्ष स्कूटरवर मंडपवाल्याच्या घरी गेले, त्याला झोपेतून उठवलं. सकाळी सहाला कमान दोन फूट वर चढलेली होती. या घटनेची नोंद तुमच्या कुठल्याही दप्तरात नसणार, कारण घडलंच काही नाही. कॅमेऱ्याने ती कमान कोसळताना मात्र छान टिपली असती.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. सोनसाखळी चोर सापडतो, अपघात करून पळालेली गाडी सापडते. ११२ ची गाडीही आमच्याकडे वेळेवर येते, हे मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की ही दोन्ही साधनं घडल्यावर कामाला येतात, आणि आमचं काम घडण्याआधीचं असतं.

ते कसं, यासाठी दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवतो.

२०१८ च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप मोबाइलवर फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच आठवड्यात आमच्या बाजारात एका फाटक्या बाईला लोकांनी घेरलं. तिच्या झोळीत लहान मुलाचा फ्रॉक सापडला होता. चाची मशीन सोडून धावल्या. त्यांनी कुणालाही एक शब्द समजावला नाही. त्या बाईच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि टपरीवाल्याला ओरडून म्हणाल्या, "दोन चहा." मग तिच्या हातात ग्लास दिला आणि तिचं गाव विचारलं. चहा पिणाऱ्या बाईला मारायला माणसाला जड जातं, साहेब. तोवर अंगणवाडीच्या ताईंनी पोलिसांना फोन केला होता आणि मी गर्दीच्या मागच्या बाजूने एकेकाला नावाने हाक मारत होतो. नावाने हाक मारली की गर्दीतला माणूस पुन्हा कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाडेकरू होतो. अर्ध्या तासात रस्ता मोकळा झाला.

दुसरा प्रसंग गेल्या फेब्रुवारीतला, खोलीला कुलूप लागल्यानंतरचा. जागा तीच, शंभर पावलांवर. विशीतला एक परप्रांतीय मुलगा, स्वतःशीच बोलणारा, शाळेच्या फाटकाशी उभा होता. कुणीतरी पुन्हा तोच संशय बोलून दाखवला. चाची दुकानात होत्या. त्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. मला नंतर रडत म्हणाल्या, "गळ्यात कार्ड नाही, कोणत्या हक्काने मधे पडू? उद्या मलाच त्याची साथीदार म्हटलं तर?" ११२ ची गाडी लवकर आली, पण तोवर त्याचे दोन दात आणि एक मनगट गेलं होतं. त्याला रात्रभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं, कारण त्याचं काय करायचं हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे. त्याच्या शंभराव्या कलमात पोलिसांनी अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावं, कोठडीत ठेवू नये, असं सरळ लिहिलंय. आमच्या परिचारिकाबाई हे पाठ म्हणून दाखवतात. समिती असती तर त्या रात्री ठाण्यात त्या असत्या.

आता तक्रारी. पहिली सांगून झालीच: कारण न देता, आमचं म्हणणं न ऐकता एका ओळीत वीस वर्षं गुंडाळली. आमच्या चुका असतील तर त्या सांगायला हव्या होत्या.

आणि चुका झाल्यात. एक मी स्वतः सांगतो, कारण ती वहीत माझ्याच अक्षरात आहे. सुरुवातीच्या काळात नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एक मुलगी आमच्याकडे आली होती. आम्ही चार मोठ्या माणसांनी दोघांना समोरासमोर बसवलं, त्याच्याकडून पुन्हा हात उचलणार नाही असं लिहून घेतलं आणि तिला घरी पाठवलं. वहीत मी 'समेट झाला' असं लिहिलंय. तिसऱ्या दिवशी ती जळीत वॉर्डात होती. ती वाचली. आम्हाला तिच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. तेव्हापासून नियम केला की घरातली मारहाण हा तंटा नव्हे, गुन्हा आहे. तिथं समेट नाही. अंगणवाडीच्या ताई त्या बाईबरोबर ठाण्यात जातात आणि तक्रार लिहून होईपर्यंत उठत नाहीत. हा नियम आम्हाला कुणी शिकवला नाही, एका मुलीच्या कातडीवर आम्ही तो शिकलो. म्हणूनच म्हणतो, आमच्यावर देखरेख ठेवा, आम्हाला प्रशिक्षण द्या. पण देखरेख म्हणजे कुलूप नव्हे.

दुसरी तक्रार शांतता समितीबद्दल. आमच्या जागी ती आहे, असं सांगितलं जातं. ती सणाच्या आधी आठ दिवस भरते, पोलीस ठाण्याच्या हॉलमध्ये, पोहे आणि चहासह. पहिल्या रांगेत माजी नगरसेवक, इच्छुक नगरसेवक, बिल्डर, आणि ज्यांच्यावर पूर्वी दंगलीचे गुन्हे होते असेही एक-दोन. फोटो निघतो. मागच्या बैठकीला बायका किती होत्या? मी मोजल्या, एक. ती चहा देत होती.

तिसरी बारीक वाटेल, पण मनाला लागलेली आहे. समिती गेल्यावर आमच्या कॉलेजच्या मुलांना पोलीस मित्र केलं आणि विसर्जनाच्या दिवशी दोरी धरायला उभं केलं, सोळा तास. गर्दीत दोरी धरणं हेही काम आहे, त्याला कमी लेखत नाही. पण ज्या मुलीला पुलाखालच्या व्यसनी पोरांशी बोलता येतं, तिला फक्त दोरी धरायला लावणं म्हणजे सोनाराच्या हातून कोळसा फोडून घेणं. चौघांपैकी तिघांनी सोडून दिलं.

चौथी तक्रार मी सर्वांत जड मनाने लिहितोय. स्थगितीच्या आधी वर्षभर आमच्याकडून वेगळ्याच अपेक्षा सुरू झाल्या होत्या. अमुक घरात कोण येतं, तमुक मुलगा कुठल्या सभेला जातो, हे कळवा. आम्ही दोनदा नम्रपणे नाही म्हटलं. साहेब, खबऱ्यांची तुम्हाला गरज असते हे मला कळतं, ते तुमचं तुम्ही बघा. पण ज्या दिवशी मौलानांना किंवा मंडळाच्या अध्यक्षाला शंका येईल की हा कंडक्टर आपलं बोलणं वर पोचवतो, त्या दिवशी रात्री दहाला कमानीचा फोन मला येणार नाही. आमची भीती अशी आहे की आम्हाला बाजूला करण्याचं खरं कारण हे नकारच आहेत. तसं नसेल तर स्पष्ट सांगा, मी जाहीर माफी मागेन.

पाचवी. रिकामी जागा रिकामी राहत नाही. आमची शिट्टी बंद झाल्यावर दोन महिन्यांत नाक्यावर पोरांची एक टोळी रात्री फिरू लागली. दुचाक्या, झेंडे, आणि हातात काठ्या. 'रक्षक' म्हणवतात. झेंड्याचा रंग सांगत नाही, कारण पलीकडच्या नाक्यावर दुसऱ्या रंगाची टोळी तयार आहे. ते रस्त्यावर लोकांची नावं विचारतात आणि नावावरून वाट देतात. त्यांना एक ओळीचं पत्र अजून गेलेलं नाही.

हे सगळं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत ओरेगन राज्यात युजीन नावाचं शहर आहे. तिथं १९८९ पासून एक पथक चालायचं: गाडीत एक वैद्यकीय माणूस, एक संकटात माणसाशी बोलायला शिकलेला, हत्यार कुणाकडेच नाही. भ्रमिष्ट, दारूत बुडालेला, जीव द्यायला निघालेला कुणी असला की पोलिसांऐवजी ही गाडी जायची. इतर शहरांनी त्यावरून धडे घेतले. डेन्व्हरने २०२० मध्ये आपलं पथक सुरू केलं. आणि छत्तीस वर्षांनंतर, एप्रिल २०२५ मध्ये, युजीनमधली ती गाडी पैशाअभावी थांबली. वाचून मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं, की मूर्खपणा एकट्या आपल्या वाट्याला आलेला नाही.

आपल्याकडे खेड्यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. समिती कशी निवडायची, नोंदी कशा ठेवायच्या, बक्षीस कशाचं, सगळं शासन निर्णयात. पुढे तिचं काय झालं हा वेगळा विषय, पण निदान कागदावर ती कुणा एका साहेबाच्या मर्जीवर नव्हती. राज्यातली जवळपास निम्मी माणसं शहरात राहतात. शहरातला माणूस भांडत नाही असा कुणाचा समज आहे का? त्याने आमच्या बसमधून एकदा संध्याकाळी सहाला प्रवास करावा.

आमच्या मागण्या अशा आहेत.

स्थगिती उठवा आणि खोली उघडा. यासाठी निधी लागत नाही, किल्ली लागते.

समित्यांना लेखी नियमावली द्या, दोन्ही आयुक्तांच्या सहीची. सदस्य कसे निवडायचे, किती वर्षांसाठी, निम्म्या बायका, कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी नाही, दंगलीचा किंवा बाईवरच्या अत्याचाराचा गुन्हा असलेला नाही. समिती बरखास्त करायची तर कारण लेखी आणि आधी सुनावणी. बदली होऊन नवा अधिकारी आला तर पहिल्या महिन्यात त्याने एका बैठकीला येऊन बसावं, एवढंही त्यात लिहा.

समितीचा सदस्य खबरी नाही आणि त्याला काठी, हातकडी, झडती, नाव-गाव विचारण्याचा अधिकार नाही, हे त्याच नियमावलीत ठळक अक्षरात हवं. आम्हाला अधिकार नकोतच. आमच्या अंगावर ते आले की आमच्यातलाही एखादा बिघडेल, माणसंच आहोत.

प्रशिक्षण. महापालिकेच्या रुग्णालयातून मानसिक आजार आणि व्यसन ओळखण्याचं, प्रथमोपचाराचं. विधी सेवा प्राधिकरणाकडून कायद्याचं. वर्षातून चार दिवस पुरतील. ११२ वर आलेल्या ज्या हाकेत गुन्हा नाही, फक्त हरवलेला किंवा भेदरलेला माणूस आहे, ती पोलिसांबरोबर आम्हालाही कळावी.

विमा. आमच्या खोलीत भिंतीवर वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो आहे, वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी यांचा. एक मराठी, एक गुजराती, दोघे मित्र. १ जुलै १९४६ ला अहमदाबादेत रथयात्रेच्या दंगलीत दोघं जमावाच्या मधे उभे राहिले, रिकाम्या हातांनी, आणि दोघंही मारले गेले. पुढे १९५७ मध्ये विनोबांनी शांतिसेना काढली, ती अशाच मरणाची तयारी असलेल्यांची. आम्ही तेवढे थोर नाही. आमच्यातल्या रिक्षावाल्याला तीन मुली आहेत. तो मधे पडून जखमी झाला तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेल्या रोजाचे पैसे कोण देणार, हे त्याच्या बायकोने मला विचारलं होतं. तिला उत्तर द्यायचंय.

आणि मानधन. रात्री फिरणाऱ्यांना चहापाणी आणि मोबाइलचा खर्च निघेल एवढं. कॅमेऱ्यांच्या वार्षिक देखभालीच्या निविदेत एक ओळ वाढवली तर भागेल. मला स्वतःला नको, पेन्शन आहे.

उत्तर तीस दिवसांत लेखी द्यावं ही विनंती. आलं नाही तर आम्ही मोर्चा काढणार नाही, काचा फोडणार नाही, ते आमच्या धंद्यात बसत नाही. चारही वह्या, लोकांची नावं झाकून, चौकात टेबल मांडून ठेवू. ज्याला वाचायच्या त्याने वाचाव्यात. 'समेट झाला' लिहिलेलं ते पानसुद्धा असेल.

दर गुरुवारी संध्याकाळी सातला आम्ही त्या बंद दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसतो. बावीसपैकी तेरा-चौदा जण येतात. चाची येताना काजे करायचं काम घेऊन येतात, मौलाना इशाच्या नमाजाला उठतात. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर आठच्या आत या. आठनंतर समोरचा चहावाला भट्टी विझवतो.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
सदस्य, मोहल्ला समिती (स्थगित)